फुंकर, पत्ती आणि नळी: रीड कशी थरथरते, आणि थरथरेनाशी झाली तर काय करायचं

क्लॅरिनेटची नवी रीड, म्हणजे माऊथपीसला (तोंडात धरायच्या भागाला) बांधायची पातळ पत्ती, पाकिटातून काढली की आधी ती खिडकीकडे धरा. बुंध्याकडे काहीच दिसत नाही. मध्यापासून पुढे पिवळसर उजेड झिरपायला लागतो, आणि टोकाशी पत्ती जवळजवळ पारदर्शक होते. त्या टोकाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे वहीच्या कागदाइतकी. मधल्या भागात डोंगरासारखी एक गडद सावली दिसेल. ती डावी-उजवीकडे सारखी आहे का, हे नीट बघून ठेवा. पुढे लागणार आहे.

नौपाड्यात माझ्या घरी शनिवार-रविवार मुलं क्लॅरिनेट शिकायला येतात. आवाज लागेनासा झाला की सगळ्यांचं एकच वाक्य असतं, "ताई, रीड खराब आहे." कधीकधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा नसतं. मागच्या जुलैत आठवीतली एक मुलगी दहा रीडचा अख्खा डबा घेऊन आली. सात रीड तिने बाद ठरवल्या होत्या. तिच्या वडिलांनी ते पैसे किती ओढाताणीने काढले असतील ते मला ठाऊक होतं, म्हणून मी एकेक रीड तिच्याच माऊथपीसवर लावून बघितली. सातातल्या पाच उत्तम वाजल्या. रीड लावताना ती टोक माऊथपीसच्या कडेच्या पुढे काढत होती, एवढीच चूक होती.

त्या दिवसापासून मी मुलांना वाजवण्याआधी रीडचं काम समजावून सांगते. पुस्तकातून नाही, घरातल्या वस्तू घेऊन. तोच क्रम इथे लिहिते आहे. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवाल्यांना तो जसाच्या तसा लागू होईल, सनईवाल्यांना थोड्या फरकाने. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: सूर नळीचा असतो. रीड दाराचं काम करते. नळी सांगेल तेव्हा उघडायचं, नळी सांगेल तेव्हा मिटायचं. हे एकदा हाताला पटलं की रीडला दोष कधी द्यायचा आणि कधी नाही, ते आपोआप कळतं.

पायरी पहिली: पिपाणी करा

लहानपणी नारळाच्या पातीची पिपाणी ज्यांनी केली आहे, त्यांनी दुहेरी रीडचं वाद्य स्वतः बनवलेलं आहे. झावळीची एक पात घ्यायची, तिच्या सुरुवातीच्या दोन पट्ट्यांची चपटी जोडी करायची, तिच्याभोवती उरलेली पात तिरपी गुंडाळत न्यायची आणि शेवटी हिराचा तुकडा टोचून पक्की करायची. चपटं तोंड, पुढे रुंद होत गेलेला शंकू. सनईची घडण हीच.

आता ठाण्यात सोसायटीच्या आवारात पात मागायला गेलं तर वॉचमन दहा प्रश्न विचारतो. म्हणून मी कागदी स्ट्रॉ वापरते. (प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जुन्या काही घरात पडून असतील तर या कामाला कागदीपेक्षा चांगल्या.) स्ट्रॉचं एक टोक दीड-दोन सेंटिमीटर चपटं करा, दोन्ही कोपरे तिरके कापून टोकदार करा, आणि तो भाग ओठांच्या आत घेऊन हलके दाबून जोरात फुंका. पहिल्या चार-पाच वेळा नुसती हवा जाईल. ओठ थोडे मागे-पुढे करत राहा. एका जागी अचानक भोंगा वाजेल.

वाजत असतानाच दुसऱ्या हाताने कात्रीने स्ट्रॉचं पुढचं टोक कापत जा. प्रत्येक कापाला सूर चढतो. साधारण २० सेंटिमीटरच्या स्ट्रॉचा सूर ४३० हर्ट्झच्या आसपास येतो, निम्मी राहिली की जवळपास वरच्या सप्तकात जातो. पाती त्याच, ओठ तेच, फुंकर तीच. बदलली ती फक्त नळी. हा प्रयोग केल्यावर मुलं काही क्षण गप्प होतात, आणि मला ती शांतता फार आवडते.

हार्मोनिअममध्ये याच्या नेमकं उलट असतं. तिथे प्रत्येक सुराची पितळी पत्ती वेगळी. ती आपल्या खाचेतून आरपार झुलते, कुठे आपटत नाही, आणि सूर तिच्या स्वतःच्या लांबी-जाडीवर ठरतो. सूर लावणारे कारागीर पत्तीचं टोक घासून सूर चढवतात, मुळाशी घासून उतरवतात. क्लॅरिनेटची एकच रीड मात्र सगळे सूर काढते, कारण ती प्रत्येक सुराला नळीचं ऐकते. "रीड" हा शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे पेटी शिकून आलेल्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.

पायरी दुसरी: हवेची एक फेरी डोळ्यांसमोर आणा

इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

बी-फ्लॅट क्लॅरिनेटची सगळी भोकं बंद करून सगळ्यात खालचा सूर वाजवा. हार्मोनिअमवर तो खर्जातल्या पांढरी दोनशी जुळेल, साधारण १४७ हर्ट्झ. आतल्या हवेच्या खांबाची उपयोगी लांबी धरू ५९ सेंटिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर.

तुम्ही फुंकलं. रीड आणि माऊथपीस यांच्यामधल्या फटीतून हवेचा एक दाब आत शिरला आणि भोंग्याकडे धावला. उघड्या टोकाशी पोचल्यावर तो बाहेर सांडतो, पण सगळा सांडत नाही. बराचसा परत फिरतो, आणि परतताना उलटा होतो: दाब गेला होता, ओढ होऊन येतो. ही ओढ रीडपाशी आली की रीड आत खेचली जाते, दार मिटतं. बंद टोकाशी लाट उलटत नाही. ओढ ओढच राहून पुन्हा भोंग्याकडे जाते, तिथे परत उलटून दाब होते, आणि तो दाब रीडपाशी येऊन तिला बाहेर ढकलतो. दार उघडतं, तोंडातली ताजी हवा आत शिरते, पुढची फेरी सुरू.

म्हणजे एका पूर्ण कंपनासाठी लाटेला नळीच्या चार खेपा कराव्या लागतात. चार गुणिले ५९ सेंटिमीटर, म्हणजे २.३६ मीटर. ३४५ भागिले २.३६ केलं की उत्तर येतं १४६ च्या थोडं वर. कागदावरचं गणित आणि पेटीवरचा सूर जुळल्याचा आनंद स्वतः हिशेब करूनच घ्यावा असा आहे.

बासरीची दोन्ही टोकं हवेला उघडी असतात, म्हणून तिला दोनच खेपा पुरतात. पाश्चात्त्य बासरी आणि क्लॅरिनेट शेजारी ठेवल्या तर उंचीला जवळपास सारख्याच दिसतात. तरी क्लॅरिनेट जवळजवळ एक सप्तक खाली उतरतं ते याच कारणाने.

या चार खेपांचा आणखी एक परिणाम आहे, तो कानाला लगेच कळतो. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीत मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशीच कंपनं नीट बसतात. दुप्पट बसत नाही. म्हणून खालच्या सुरावर रजिस्टर की (अंगठ्याने दाबायची, वरच्या पट्टीत नेणारी चावी) दाबली की वरचा सा येत नाही, एकदम वरच्या सप्तकातला पंचम येतो. खालचा सूर १४७, तिप्पट ४४०. पांढरी दोनला सा मानलं तर हा पांढरी सहाचा पंचम. सॅक्सोफोन, ओबो आणि सनई यांची नळी शंकूसारखी रुंद होत जाते, तिथे दुप्पट कंपनंही बसतं, म्हणून जोर दिल्यावर ती वाद्यं सरळ वरच्या सा वर जातात. सॅक्सवरून क्लॅरिनेटकडे आलेल्यांची बोटं सुरुवातीला अडखळतात ती याच जागी. सोलापूर-अक्कलकोटकडची सुंदरी सनईपेक्षा आखूड, म्हणून तिचा सूर उंच. तिथेही नियम नळीचाच.

फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठली कंपनं किती जोरात आहेत ते, दाखवणारं कुठलंही मोफत ॲप घ्या आणि खालचा सूर लांबवून धरा. १४७, ४४० आणि ७३४ ला उंच टोकं दिसतील, २९३ आणि ५८७ ला बुटकी. क्लॅरिनेटच्या खर्जातला तो पोकळ, घुमणारा, लाकडी आवाज या गाळलेल्या जागांमुळे येतो. वरच्या पट्टीत गेलात की हा फरक बुजत जातो.

पायरी तिसरी: फुंकरीचा दाब मोजा

आता खरा प्रश्न. दार उघडतं-मिटतं हे ठीक, पण हा खेळ चालू का राहतो? भोंग्यातून आवाज बाहेर जातो, भिंतींना घासून शक्ती संपते. मग ती भरून कोण काढतं?

बर्नोलीच्या नियमामुळे (हवा वेगाने वाहते तिथे तिचा दाब घटतो) रीड मिटते असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. रीड मिटवणारा मुख्य जोर साधा आहे: तोंडात दाब जास्त, माऊथपीसच्या आत कमी, म्हणून रीड आत ढकलली जाते. वेगाने वाहणाऱ्या हवेची ओढ त्यात असली तरी क्लॅरिनेटसारख्या एकेरी रीडमध्ये तिचा वाटा लहान.

या जोराने दोन विरुद्ध गोष्टी घडतात. दाब वाढवला की फटीतून हवा जास्त जोरात जाते, पण तोच दाब फट अरुंद करतो. हळू फुंकलं की पहिली गोष्ट वरचढ ठरते: जास्त फुंका, जास्त हवा जाईल, नुसता सूं-सूं आवाज. रीड पूर्ण मिटवायला जितका दाब लागतो त्याच्या साधारण एक-तृतीयांशापाशी पारडं फिरतं. तिथून पुढे दाबातला फरक वाढला की आत जाणारी हवा कमी होते, आणि फरक घटला की वाढते.

वाद्य वाजण्याचं मर्म हेच आहे. आतून परतलेला दाब रीडपाशी आला की तोंड आणि माऊथपीस यांच्यातला फरक घटतो, दार उघडतं, आणि आत दाब असतानाच आणखी हवा शिरते. झोपाळा पुढे निघाला असतानाच पायाने रेटा द्यावा तसं. प्रत्येक फेरीला थोडी शक्ती मिळत राहते आणि सूर टिकतो. एक-तृतीयांशाच्या खाली हाच रेटा उलट्या वेळी बसतो, म्हणून सूर जन्मतच नाही.

हे मोजता येतं. फिश टँकच्या दुकानात मिळणारी बारीक पारदर्शक नळी तीन मीटर घ्या, नवी आणि स्वच्छ धुतलेली. दाराच्या फळीवर तिचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करून चिकटपट्टीने लावा, दोन्ही बाजू प्रत्येकी मीटरभर उंच ठेवा. अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरा. दिसावं म्हणून त्यात चमचाभर कोकम आगळ घाला. चुकून ओढलं गेलं तरी अपाय नाही. बाजूला शिवणाची टेप चिकटवा. नळीचं मोकळं टोक ओठांच्या कोपऱ्यातून तोंडात घ्या आणि तसंच क्लॅरिनेट वाजवा. कोपऱ्यातून हवा गळू न देणं सुरुवातीला जमत नाही, आरशासमोर दहा मिनिटं घालवा.

दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचायचा. १० सेंटिमीटर म्हणजे जवळपास १००० पास्कल. माझ्या माऊथपीसवर दोन नंबरच्या रीडने (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक) सूर २० ते २२ सेंटिमीटरला धरतो. दमदार वाजवताना पाणी ४० च्या पुढे जातं. आणि ओठांची पकड तीच ठेवून फुंकर वाढवत नेली तर ६५ च्या आसपास रीड माऊथपीसला चिकटते आणि आवाज खट्कन बंद होतो. ६५ चा तिसरा हिस्सा २१ आणि थोडं. मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा टेप नीट चिकटली आहे ना, हे तीनदा तपासलं होतं.

तुमचे आकडे वेगळे येतील. रीड, माऊथपीसची फट आणि ओठ, सगळं वेगळं असतं. पण गुणोत्तर बघा. आणि एक खूणगाठ बांधा: सूर खूप कमी दाबाला सुरू होत असेल आणि जरा जोर केला की गुदमरत असेल, तर रीड मऊ आहे किंवा फट फार लहान झाली आहे. सूर सुरूच ३०-३५ ला होत असेल आणि आवाजात हवा मिसळत असेल, तर रीड कडक आहे. नंबर बदलायचा की जागा, हे आता अंदाजाने ठरवायची गरज नाही.

सनईवाल्यांनी हा प्रयोग केला तर दाब बराच जास्त येतो. दोन पात्यांमधली फट अगदी बारीक आणि पुढे नळीही चिंचोळी. लग्नात मुहूर्त लांबल्यावर तासन् तास वाजवणाऱ्या सनईवाल्यांच्या दमाचा मला अपार आदर वाटतो.

पायरी चौथी: ओठांचं काम

रीडला स्वतःचंही एक कंपन असतं. क्लॅरिनेटच्या रीडचं ते साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतं, वाजवायच्या बहुतेक सुरांच्या खूप वर. नळी जोरात बोलत असते तोवर रीड आपला सूर गिळून तिचं ऐकते. पण ओठाचा मऊ गर तिच्यावर नीट टेकलेला नसेल, दात लागत असतील, किंवा रीड तोंडात फार आत गेली असेल, तर ती सुटते आणि स्वतःच्या सुरात ओरडते. आपण म्हणतो, क्लॅरिनेट चिरकलं.

म्हणजे चिरकणं हे बहुधा ओठाचं दुखणं. खालचा ओठ दातांवर हलका दुमडून त्याची उशी करायची. ती उशी रीडचं हट्टी कंपन शोषून घेते आणि नळीला मोकळं रान देते. ओठ किती आत असावा? माऊथपीस आणि रीड जिथे एकमेकांपासून वेगळी व्हायला लागतात, तिथे पातळ कागद अडकवून पेन्सिलची खूण करा. ओठाचा आधार त्या खुणेच्या जवळपास हवा. फार टोकाशी धरलात तर रीडची फट मिटते आणि आवाज बारीक, कोंदट येतो. फार आत घेतलीत की आवाज मोठा येतो पण आवरत नाही.

पकड तपासायची माझी रोजची युक्ती: क्लॅरिनेटचा फक्त माऊथपीस आणि बॅरल (त्याच्या लगेच खालचा आखूड जोड) जोडून वाजवा. सूर हार्मोनिअमच्या काळी तीनच्या जवळ, सुमारे ७४० हर्ट्झ, यायला हवा. खूप खाली असेल तर पकड सैल, वर असेल तर ओठ आवळताय. नुसता माऊथपीस वाजवला तर सूर वरच्या पांढरी एकजवळ, १०५० हर्ट्झच्या आसपास जातो. ऑल्टो सॅक्सचा नुसता माऊथपीस पांढरी सहावर, ८८० ला आणायचा. मुलांना मी रोज पहिली दोन मिनिटं एवढंच करायला लावते.

पायरी पाचवी: रीड लावणं आणि तासणं

रीड बोरूच्या नात्यातल्या गवताची असते, शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. दक्षिण फ्रान्समधला वार हा भाग तिच्यासाठी नावाजलेला. लांबीच्या दिशेने कडक तंतू आणि त्यांच्यामध्ये मऊ गर, अशी ती बनलेली. तंतू स्प्रिंगचं काम करतात, गर पाणी पितो.

लावण्याआधी दोन-तीन मिनिटं पाण्यात टोक बुडवा. माऊथपीसवर ठेवताना समोरून बघा: रीडच्या टोकावर माऊथपीसची काळी कड केसभर दिसली पाहिजे. रीड केसभर वर सरकवली की कडक लागते, खाली सरकवली की मऊ. दुकानात जाऊन दुसऱ्या नंबरचा डबा आणण्याआधी हे करून बघा. लिगेचरचे (रीड माऊथपीसला बांधणाऱ्या पट्ट्याचे) स्क्रू रीड हलणार नाही इतपतच आवळा.

मग बाजू तपासा. माऊथपीस तोंडात थोडा तिरपा करून रीडच्या एका कडेला ओठाने दाबा आणि दुसरी मोकळी ठेवून वाजवा. मग उलट. एका वेळी आवाज मोकळा आणि दुसऱ्या वेळी दाटलेला आला तर, दाटलेला आला तेव्हा मोकळी ठेवलेली बाजू जाड आहे. सुरुवातीला उजेडात बघितलेली सावली आठवा: त्याच बाजूला ती पुढे सरकलेली दिसेल.

आता ६०० नंबरचा पॉलिश पेपर. आधी पाठ: काचेच्या तुकड्यावर पेपर पसरून रीडची सपाट बाजू तंतूंच्या दिशेने चार-पाच वेळा हलकेच फिरवा. पाठ वाकलेली असेल तर फक्त कडा किंवा फक्त मधला भाग चमकेल. सगळी पाठ सारखी चमकली की थांबा. पाठ माऊथपीसवर सपाट बसली नाही तर हवा गळते आणि पुढची सगळी मेहनत फुकट. त्यानंतर जाड बाजूचा उतार, टोकापासून जरा मागे, बोटाला पेपर गुंडाळून दोन-तीन वेळा. थांबा, लावा, वाजवा, मगच पुढे.

इतका धीर का धरायचा, तेही ऐका. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दहा टक्के कमी केली तर कडकपणा दहा टक्क्यांनी घटत नाही, जवळपास सत्तावीस टक्क्यांनी घटतो. टोकाशी ०.१ मिलिमीटरच आहे, त्यातला दहावा हिस्सा म्हणजे डोळ्याला न दिसणारी धूळ. माझे बाबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पत्ती तासताना ते दर दोन हातांनी पेपरवरची पिवळी धूळ बोटावर घेऊन बघायचे, पुरे झालं का ते ठरवायचे, आणि मग पत्ती गालाला लावून तिचा ओलावा अजमावायचे. लहानपणी मला ते देवपूजेसारखं वाटायचं. आज मी तेच करते.

पायरी सहावी: ठाण्याचा पाऊस आणि ए.सी.चा हॉल

जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या दमट हवेत रीड कधी पूर्ण वाळतच नाही. गर फुगलेला राहतो, पाठ वाकते, डब्यात बुरशी धरते. काळे ठिपके दिसले तर ती रीड टाकून द्या, तोंडात घालायची वस्तू आहे. वाजवून झाल्यावर रीड पुसून काचेच्या सपाट तुकड्यावर पाठ टेकवून पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मगच डबा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली तर दर पंधरवड्याला बदला. माऊथपीसला लावून रीड कधीही ठेवू नका.

एकच रीड रोज वापरू नका. चार रीडवर मागे पेन्सिलने एक ते चार आकडे घाला आणि आळीपाळीने वाजवा. नवी असेल तर पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, तीही मधल्या सप्तकात, हळू आवाजात.

ए.सी.चं उलटं असतं. घाणेकर नाट्यगृहासारख्या थंड हॉलमध्ये रंगमंचावर वाट बघत बसलात की ओली रीड अर्धवट वाळते आणि टोकाला लाटा येतात. फट वेडीवाकडी झाली की कितीही फुंका, सूर धरत नाही. विंगेत बसताना माऊथपीसला टोपी घालून ठेवा आणि शिरण्याआधी पुन्हा ओली करा.

तपमानाने सूरही हलतो. आवाजाचा वेग गरम हवेत वाढतो, म्हणून नळी तीच राहूनही सूर चढतो. २३ अंशांच्या हॉलमधून ३५ अंशांच्या उघड्या लॉनवर आलात तर गणिताने सुमारे ३४ सेंट, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा. तुमच्या श्वासाने नळी आतून आधीच तापलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण कानाला बोचेल इतका राहतो. पेटी मात्र जागची हलत नाही, कारण तिथे सूर पितळेचा. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या एका लग्नात दुपारी वाजवताना माझा पंचम पेटीच्या वर जात होता. मी रीडवर संशय घेऊन ती बदलली, सूर तसाच. तेव्हा बॅरल बाहेर ओढली आणि तीन मिनिटांत जुळलं. रीडचा काही संबंध नव्हता.

बॅरल किती ओढायची? एक मिलिमीटर ओढली तर सगळी भोकं उघडी असतानाचा सूर, जिथे नळी सुमारे २५ सेंटिमीटरचीच कामाला येते, साधारण ७ सेंट उतरतो. सगळ्यात खालचा सूर जेमतेम ३ सेंट. म्हणजे नुसती बॅरल ओढून सगळे सूर एकसारखे उतरत नाहीत. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर थोडं मधल्या जोडातूनही ओढा आणि उरलेलं ओठांनी सांभाळा.

रीड खरंच संपते तेव्हा

शेवटी रीड मरते, हेही खरं. ओलं-सुकं, ओलं-सुकं होत तंतू थकतात. स्प्रिंग परत यायला आळस करते. उजेडात धरली तर टोक राखाडी, गढूळ दिसतं. पाण्याच्या नळीवर मोजलं तर सूर सुरू होण्याचा दाब आठवडाभरात २२ वरून १६-१७ वर आलेला असतो आणि जोर केला की लगेच मिटते. जागा बदलून, पाठ घासून, ओठ तपासूनही हे तसंच राहिलं, की मग "ताई, रीड खराब आहे" हे वाक्य मी मान्य करते.

तरीही ती रीड फेकू देत नाही. घरी एक बरणी आहे, तिच्यात असल्या चाळीसेक रीड आहेत. नव्या मुलांना तासायला त्याच देते. चांगल्या रीडवर पहिला हात चालवायला कुणाचं मन धजत नाही, मेलेल्या रीडवर धजतं. त्या आठवीतल्या मुलीने बरणीतली एक पत्ती तासून तासून पार झिरझिरीत केली. दुसरीही बिघडली. तिसरी वाजली. आता ती दर रविवारी आपल्या चार रीडचा सुरुवातीचा दाब वहीत लिहून आणते, आणि तारखेपुढे पाऊस होता की ऊन, तेही.